फक्त एकवीस नंबर चालवायचा होता

आधीच सांगून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता माझंच मन फिरायचं. चूक माझी होती. मावशींची नव्हती. हे एवढं वाक्य मी जानेवारीत, संस्थेच्या त्या लांब टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं. बोलले एप्रिलमध्ये. मधले दोन-अडीच महिने मी गप्प बसले, आणि गप्प बसायला किती मेहनत लागते ते मला विचारा.

लोणावळ्यात एक लहानशी संस्था आहे. लकवा झालेले, खुब्याचं हाड मोडून पडलेले, लघवीची नळी लावलेले, असे जे लोक अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी ती नर्स पाठवते. औंढ्यापासून पार पवनेच्या धरणामागच्या वस्त्यांपर्यंत. कोणाकडे कोण जाणार, नळी कधी बदलायची, जखमेला काय लावायचं, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये असतं आणि ते सॉफ्टवेअर मी सांभाळते. आमची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मी देहूरोडहून लोकलने येते-जाते. संध्याकाळची गाडी चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून राहायचं. हे गाडीचं उगीच सांगत नाहीये, पुढे लागणार आहे.

मावशी म्हणजे त्या संस्थेच्या ऑफिसातल्या. फोन त्या घेतात, नर्सना गावं त्या वाटून देतात. पवनानगरकडच्या, नववी शिकलेल्या. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकल्या, उजव्या हाताच्या एका बोटाने. मी पहिल्या दिवशी गेले, आडनाव सांगितलं, तशा खुर्चीतून उठल्याच. "जय भीम पोरी," म्हणाल्या, "आगं आपल्यातली पोरगी ह्ये कॉम्प्युटरचं बनिवती म्हंजी काय! बस, च्या घे." त्या दिवसापासून मी संस्थेत कोणाकडेही कामाला गेले तरी चहा त्यांच्याच टेबलावर. घरून भाकरी आणली की अर्धी माझी. मी काहीही सांगितलं की ते खरं, कारण सांगणारी मी.

मावळातल्या वस्तीचा पत्ता रीतसर लिहिला तर तिथे कोणीही पोचत नाही. आम्ही मोबाईलच्या नकाशावर खुणा टाकून बघितल्या होत्या. धरणाकाठची तीन घरं सरळ पाण्यात जाऊन पडली. तर मावशींकडे एक जाड वही होती, आणि त्या वहीत प्रत्येक पेशंटपुढे त्याच्या घराची खूण. 'टाकीपासून वर. दार लोटलेलं असतं, कुलूप नसतं, ढकलून आत जाणे.' 'सून बारा वाजता शेतातून येते, त्याआधी गेल्यास आजी कपडे बदलू देत नाही.' 'कुत्रं अंगावर येतं. आधी शेजारणीला हाक मारणे.' आणि धरणापलीकडच्या एका आबांची खूण अशी: 'जिथं पिंपळ होता तिथनं उजव्या हाताला तिसरं घर. आबाला ऐकू कमी. पत्र्यावर काठी वाजवणे.'

मी विचारलं, "मावशी, होता म्हणजे? आता नाही?"

"न्हाई. रस्ता रुंद केला तवा तोडला."

"मग नव्या माणसाला कसा सापडणार तो?"

"आगं इचारायचं की, पिंपळ कुटं होता म्हणून. मंग मानूस बोलतं, हात धरून घरापतुर नेतं. नुसतं नाव सांगितलं तर दारातूनच वाटंला लावतंय." आणि माझ्याकडे असं बघितलं की एवढी शिकलेली पोरगी आणि एवढंही कळू नये.

मग जूनमध्ये मी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'घराची खूण' असा नवा रकाना केला. मावशींनी चार महिने बसून, एका बोटाने, अख्खी वही त्यात उतरवली. काय मन लावून! वेलांटी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या साफसफाईला मी तिथे होते. वही उचलली आणि म्हटलं, ही आता रद्दीत टाका. मावशींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ दे की गं कोपऱ्यात. खायला मागती का?"

"दोन ठिकाणी माहिती असली की घोळ होतो, मावशी. कॉम्प्युटर विसरत नाही."

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला आणि दिली. माझ्या शब्दावर दिली.

आता थोडं माझ्या धंद्यातलं, घाबरू नका. डेटाबेस म्हणजे रकाने आखलेले तक्ते. तक्त्यात नवा रकाना घालायचा किंवा जुना काढायचा तर त्यासाठी एक छोटी फाईल लिहितात, तिला मायग्रेशन म्हणतात. प्रत्येक फाईलला ओळीने नंबर. आणि प्रत्येक फाईल पुढे चालवता येते तशी मागेही घेता येते. बावीस नंबर पुढे चालवला की 'घराची खूण' हा रकाना तयार होतो. मागे घेतला की रकाना जातो, आणि रकान्यात लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. 'नक्की का?' असं ते धड विचारतही नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता, दुपारचे चार वाजून गेलेले. डॉक्टरबाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, औषधांचा एक रिपोर्ट हवा होता आणि तो उघडत नव्हता. शोधल्यावर कळलं, एकवीस नंबरच्या फाईलने जो रकाना घालायचा तो सर्व्हरवर नव्हताच. आमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या एका महाभागाने ती फाईल न चालवताच 'चालली' अशी नोंद करून ठेवली होती. मी त्याला मनातल्या मनात दोन सणसणीत शिव्या घातल्या. म्हटलं, पुढच्या चोवीसपर्यंत सगळ्या चालल्यात, हीच राहिलीय, तर फक्त एकवीस नंबर चालवू. कमांड लिहिली, शेवटी एकविसाचा आकडा टाकला, एंटर मारलं.

आमच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आम्ही सॉफ्टवेअर उभं करतो त्यात, असा नंबर दिला तर त्याचा अर्थ 'फक्त हा चालव' असा होत नाही. त्याचा अर्थ होतो 'या नंबरापाशी येऊन थांब'. आपण चोविसावर असलो तर एकविसापाशी यायला मागेच यावं लागतं. चोवीस, तेवीस, बावीस या फाईली एकेक करून उलट्या घ्याव्या लागतात. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं की! नव्याने कामाला लागलेल्यांना मी स्वतः हे शिकवलंय, वर आणि 'लक्षात ठेवा हं' म्हणून दम भरलाय. आणि चालत्या सर्व्हरवर, आधी नक्कल न काढता, मी नेमकं तेच केलं. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

स्क्रीनवर तीन ओळी आल्या. चोवीस मागे घेतली, ओके. तेवीस मागे घेतली, ओके. बावीस मागे घेतली, ओके. मी वाचलं फक्त ओके. रिपोर्ट तरीही उघडेना, म्हणून मग नंबर न देता सरसकट सगळ्या फाईली चालवल्या. त्या तिन्ही परत पुढे गेल्या, परत तीन वेळा ओके. शेवटी एकविसाचा रकाना हाताने घातला, रिपोर्ट उघडला, लॅपटॉप मिटला आणि पळत जाऊन गाडी पकडली. खिडकी मिळाली. भेळ घेतली, मजेत खाल्ली. ती भेळ मला अजून आठवते.

मंगळवारी संध्याकाळी मावशींचा फोन. "पोरी, खूण दिसंना गं. कुनाचीच दिसंना."

मी उघडून बघितलं. रकाना होता. पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत रिकामा. तेवीस-चोविसाने घातलेले रकाने किरकोळ, त्यांत कोणी काही लिहिलेलंच नव्हतं. कोणती फाईल कधी चालली याचाही एक तक्ता डेटाबेसमध्येच असतो. त्यात बावीस नंबरापुढे मागच्या शुक्रवारची तारीख आणि दुपारची वेळ लख्ख लिहिलेली होती. पुरावा तिथेच पडून होता, फक्त तो वाचता येणारी तिथे मी एकटी. मग बॅकअपकडे धावले. मे महिन्यात सर्व्हर बदलला तेव्हापासून बॅकअपच्या नावाने रिकाम्या फाईली साठत होत्या. तेही काम माझंच, तपासायचं मीच, आणि तपासलं कोणी? कोणीच नाही.

"बघते मी मावशी, तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं.

"मी कशाला काळजी करू? तू हायेस की."

नुसतं एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. पण त्याच मंगळवारी एक नवा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, पहिल्यांदा एकटा बाहेर पडला होता. मराठवाड्यातला पोरगा, इथलं काही ठाऊक नाही. जुन्या नर्सना घरं तोंडपाठ, त्यांचं खुणेवाचून अडत नव्हतं, याचं अडलं. त्याच्या यादीत त्या पिंपळवाल्या आबांचं नाव होतं, नळी बदलायची होती, आणि मोबाईलमध्ये खुणेची जागा कोरी. धरणात गेलेल्या गावाचं नाव आता दोन ठिकाणी लागतं, अर्धी माणसं इकडे वसवली, अर्धी तिकडे. हा गेला तिकडे. दुपारची वस्ती, चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. दोन तास फिरला आणि जीप निघून जाईल म्हणून परत आला. बुधवारी मावशी स्वतः दुसऱ्या नर्सला घेऊन गेल्या तोवर आबांची नळी तुंबली होती आणि ते तापाने फणफणले होते. त्यांना तळेगावला दवाखान्यात टाकावं लागलं. आठ दिवस.

गुरुवारी मीटिंग. लांब टेबल, एका टोकाला डॉक्टरबाई, मावशी त्यांच्या डाव्या हाताला, मी समोर. डॉक्टरबाई ओरडणाऱ्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे गेलं कसं? मागच्या काही दिवसांत कोणी काय केलंय का?"

मावशी म्हणाल्या, "शनवारी मी ती नव्या पेशंटांची यादी चढवली होती बाई. फाईलच्या फाईल."

सगळ्यांनी मावशींकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "त्याने असं होऊ शकतं का?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

यादी चढवायची ती सोय मीच केलेली. ती फक्त नवे पेशंट घालते, जुन्या नोंदींना बोटही लावत नाही. मला हे माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "होऊ शकतं. यादीत खुणेचा रकाना रिकामा असेल, तर त्याने जुनं पुसलं गेलं असेल."

असेल! काय सोयीचा शब्द आहे. धड खोटंही नाही, म्हणजे माझ्या मते. मावशी टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत होत्या, त्या एका बोटाकडे. "मंग माझ्याच हातनं झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "आबाला माझ्यामुळं भोगाया लागलं."

डॉक्टरबाईंनी निकाल दिला. मार्चअखेर सगळ्या खुणा परत भरल्या गेल्या पाहिजेत. नाही जमलं तर कॉम्प्युटरवर दुसरं कोणीतरी बसवावं लागेल, मावशींनी फक्त फोन घ्यावेत. एकूण ठीकच होतं ते, त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. पण ती खुर्ची मावशींना काय होती ते मला माहीत होतं. खुर्चीच्या पाठीला त्यांनी स्वतः विणलेला रुमाल टाकलेला असायचा. गावाकडची कोणी आली की तिला मुद्दाम समोर बसवून त्या चार शब्द टाइप करून दाखवायच्या. त्यांच्या घरातली कॉम्प्युटरवर बसणारी पहिली बाई म्हणजे त्या.

आता तुम्ही विचाराल, का बोलली नाहीस? मीही विचारते. कंपनीचं नाव जाईल, काम जाईल, आमचे कंपनीचे साहेब झापतील, ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. खरं कारण याहून फालतू आहे. 'आपली पोरगी हुशार' हे ऐकायची मला चटक लागली होती. ते ऐकवणाऱ्या बाईलाच मी पुढे केलं आणि स्वतः तिच्यामागे लपले. लाज वाटते लिहिताना, पण हेच खरं.

मावशी कामाला लागल्या. ज्यांची घरं डोळ्यांपुढे होती त्यांच्या खुणा बसल्या जागी लिहिल्या. उरलेल्यांसाठी सुट्टीच्या दिवशी, गुडघ्यांना पट्टे बांधून, कामशेतहून भरलेल्या जीपमधून वस्त्या पालथ्या घातल्या. एकेक खूण कागदाच्या चिटोऱ्यावर आणायच्या, सोमवारी टाइप करायच्या. आणि एक खूण टाइप झाली की मला फोन.

"बघ गं, हाय का?"

"आहे, मावशी."

"पुसली न्हाई ना माझ्याकडनं?"

"नाही मावशी, आहे."

दहा मिनिटांनी परत. "आता ती औंढ्याची घातली. हाय का?" दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. जेवताना, गाडीत, साहेबांसमोर. आधी मी चिडायचे, मग चिडल्याबद्दल स्वतःला शिव्या घालायचे, मग परत 'आहे' म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "मावशी, दर वेळी विचारायची गरज नाही हो." तर म्हणाल्या, "आगं माझा हात वाईट हाय. तुझी नजर ऱ्हाऊ दे त्याच्यावर." त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. रडून झाल्यावरही त्यांना फोन केला नाही, हेही लिहून ठेवते.

वडिलांना मात्र सांगितलं. ते देहूरोडला लष्करी सामानाच्या डेपोत होते, आता रिटायर झालेत. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आमच्याकडे वस्तू हरवली की आधी बघायचे सही कोणाची आहे." आणि पेपर वाचायला लागले. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्यासमोर जेवायलाही बसले नाही.

मार्च संपत आला तेव्हा एकच खूण राहिली होती, आबांची. ती मावशींना तोंडपाठ होती, तरी त्यांनी लिहिली नव्हती. "आदी आबाला भेटते, मंगच लिवते," म्हणाल्या. "तू चल संगं. एकटीचे पाय न्हाई उचलत माझे."

गेलो. पवनानगरला जीप सोडली आणि तिथून चालत. ऊन चढलेलं, धरणाचं पाणी खाली गेलेलं, काठी तंबू टाकून राहिलेल्या पर्यटकांची गाणी लांबून ऐकू येत होती. पिंपळ जिथे नव्हता तिथे मावशी थांबल्या, पदर सारखा केला, आणि उजवीकडे वळल्या. तिसऱ्या घराच्या पत्र्यावर काठी वाजवली.

आबा खाटेवर पडून होते, हाडांचा सापळा झालेला, पण डोळे तल्लख. मावशी त्यांच्या उशाशी खाली बसल्या आणि हात जोडले. जोरात, आबांना ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाल्या, "आबा, माझ्या हातनं चुकलं! म्या पुसलं तुमचं! तुमास्नी लय तरास झाला माझ्यामुळं!" आणि आबांच्या खाटेला डोकं टेकलं.

मी दारात उभी होते. आबांच्या सुनेने माझ्या हातात चहाचा कप दिला. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. आणि मी चहा प्यायले. अख्खा कप प्यायले.

परत येताना वाट उताराची. मावशी हलक्या झाल्या होत्या, पुढे चालत होत्या, काहीतरी बोलत होत्या, भाकरी खाऊन घेऊ म्हणून. मी मागून म्हटलं, "मावशी, तुम्ही नाही पुसलं. मी पुसलं." तोंडातून निघून गेलं, असंच. मग थांबताच येईना. शुक्रवार, एकवीस नंबर, बावीस नंबर, ते असेल-बिसेल, बॅकअप, सगळं. त्यांना नंबरांतलं किती कळलं कोण जाणे. जे कळायचं ते कळलं.

त्या वाटेकडेच्या दगडावर बसल्या. चप्पल काढून आतला खडा झटकला, परत घातली. "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"त्या मीटिंगीत बसल्तो तवा बी?"

"हो."

"आन आत्ता? आत्ता च्या पीत उभी ऱ्हायलीस तवा?"

माझं नाक वाहायला लागलं होतं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पदराने डोळे पुसले नाहीत, आणि मी तशी आशा केली होती हे मला त्या क्षणी कळलं. "मी लेकीला सांगितलं," मावशी म्हणाल्या, "का बाई, तुझ्या आईचं डोस्कं आता चालंना, काम सोडावं म्हणते. शेजारपाजारच्यास्नी सांगितलं. कॉम्प्युटरला हात लावायचं भ्या वाटायचं मला. तुला फोन करायचे दर येळंला, आन तू 'हाय मावशी, हाय मावशी' करायचीस!"

जीपमध्ये आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि कामशेतपर्यंत मावशी बाहेरच बघत होत्या. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाईस्नी सांग. माझ्यासमूर. आन आबाला बी सांगायचं, म्या सांगितलं तसंच." आणि मागे न बघता स्टेशनकडे गेल्या.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, त्याच टेबलाशी, मी सांगितलं. या वेळी 'असेल' नाही, 'केलं' म्हणून. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याशी काही बोलायच्या आधी मावशींकडे वळून म्हणाल्या, "मावशी, मला माफ करा. मी आधी नीट चौकशी करायला हवी होती." मला त्या काय बोलल्या ते त्यांच्या-माझ्यात राहू दे, त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. कंपनीला त्यांनी पत्र पाठवलं. साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, "तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, हो, विचारलं होतं, जानेवारीतच. काम राहिलं, पण चालत्या सर्व्हरवर आता मला एकटीला हात लावू देत नाहीत, कोणीतरी शेजारी बसतं.

आबांकडे एकटी गेले. पत्र्यावर काठी वाजवली. ऐकू कमी म्हणून ओरडावंच लागलं. "आबा, मावशींनी नाही पुसलं! मी पुसलं! मी खोटं बोलले!" शेजारची दोन दारं उघडली, बाया बाहेर आल्या, मी परत तेच ओरडले. आबांनी विचारलं, "मंग आता लिवलंय का?" मी म्हटलं, "लिहिलंय." "मंग झालं की," आबा म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा घेतला नाही.

आणि मावशींचे फोन बंद झाले. एकदम. नव्या पेशंटची खूण घातली तरी 'हाय का' नाही. इतके दिवस ज्या फोनचा मला वैताग यायचा त्याच्यासाठी मी मोबाईल उलटा-सुलटा करून बघायला लागले. मे महिन्यात कामासाठी संस्थेत जावं लागलं. मावशी खुर्चीत, पाठीला रुमाल, समोर कॉम्प्युटर, आणि कीबोर्डच्या शेजारी नवी कोरी जाड वही. एक खूण टाइप करायच्या, मग तीच वहीत उतरवायच्या.

"बरं केलंत मावशी, वही केलीत ते," मी म्हटलं. माझं मलाच ते कसंतरी वाटलं.

मावशींनी वर बघितलं नाही. "तवा वाटायचं मीच चुकंन, म्हणून तुला इचारायचे," त्या म्हणाल्या. "आता तू चुकशील म्हणून लिवते."

चहाचं विचारलं नाही त्यांनी, अर्धी भाकरीही पुढे आली नाही. हातातली ओळ टाइप करून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि वर पेन ठेवलं. "हात रिकामाच हाय ना? मंग बस. मी सांगते, तू लिव. धा पानं ऱ्हायलीत अजून."

मी स्टूल ओढून बसले. त्या स्क्रीनवरून वाचून सांगायला लागल्या, सावकाश, प्रत्येक वेलांटीला थांबून.

"लिव. जिथं पिंपळ होता, तिथनं उजव्या हाताला."